वहीतल्या सुना

मी काय काम करते हे सांगितलं की समोरचा माणूस आधी हसतो, मग सावरून विचारतो, "म्हणजे नेमकं काय?" टिळकवाडीत सकाळी फिरायला येणाऱ्या बायकांनी तर माझं नावच पाडलंय, मसाजबाई. तोंडावर म्हणत नाहीत, पण ऐकू यायचं तेवढं येतंच. बेळगावात आणि हायवेच्या कडेनं थेट निपाणीपर्यंत मसाजची, स्पाची जी दुकानं झालीत, त्यांची लायसन्सं काढून द्यायची, दरवर्षी नवी करून द्यायची, तपासणीला कुणी आलं की फाईल पुढं करायची, हे माझं काम. लाज वाटत नाही का, असं माझ्या नणंदेनं एकदा विचारलं. म्हटलं, लाज आत जाणाऱ्यांना वाटू दे, त्यात तुमच्या ओळखीचे बरेच आहेत. त्यानंतर ती वर्षभर आमच्याकडं आली नाही. बरं झालं.

माझं माहेर निपाणी. आम्ही जैन, घरची शेती आणि थोडा तंबाखूचा व्यापार, त्यामुळं आजोबांपासून सगळ्यांना मराठी आणि कानडी सारखीच. लग्न होऊन बेळगावात आले तेव्हा कळलं की कानडी वाचता-लिहिता येणाऱ्या मराठी माणसाला इथं केवढा भाव आहे. अर्जी कानडीत, नोटीस कानडीत, आणि ज्याच्या हातात ती पडते त्याला कानडी फडाफडा बोलता येतं, पण वाचायला दिलं की माणूस चष्मा शोधायला लागतो. मी आधी शेजाऱ्याच्या पिठाच्या गिरणीची अर्जी भरून दिली, मग एका बेकरीची, मग सलूनची. असं करता करता घरातल्या पुढच्या खोलीत टेबल मांडलं आणि ऑफिस झालं.

पहिला स्पावाला आला तो हायवेवरचा. खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाला, "मॅडम, आपलं सगळं कायद्यात पाहिजे." मला माणूस आवडला. कायद्यात पाहिजे म्हणणारं गिऱ्हाईक किती मिळतं हो? मी मन लावून फाईल केली. बायकांचा भाग वेगळा, पुरुषांचा वेगळा, त्याचा नकाशा जोडला. हात चालवणाऱ्या मुलींची सर्टिफिकेटं जोडली. बाहेरच्या दारावर कॅमेरा लावून घेतला, येणाऱ्या-जाणाऱ्यांची वही घालून दिली. खोल्यांच्या दारांना आतून कडी नको असा नियम, म्हणून कड्या काढलेल्या दारांचे फोटो मी स्वतः तिथं उभी राहून काढले. कड्या खरोखरच काढल्या होत्या, लाकडातली भोकं ताजी दिसत होती. जिना उतरताना कोपऱ्यात एक पत्र्याचा डबा दिसला. त्यात सगळ्या कड्या आणि स्क्रू नीट जपून ठेवलेले होते. मला काय कळत नाही होय? पण डबा फोटोत नव्हता. फाईल पहिल्या फटक्यात पास झाली.

त्या दिवसापासून मी चारचौघांत सांगायला लागले, माझ्या फाईलीत खोटं नसतं. आणि नसायचंच. खोटं सगळं फाईलीच्या बाहेर असायचं. दुसरी दुकानं त्याच्याच ओळखीनं आली. मी कागद बघत होते, दुकानं बघत नव्हते, आणि असं किती वर्षं करता येतं ते मला विचारा.

आता आक्का कोण ते सांगते. आक्का निपाणीची, आमच्या माहेरच्या गल्लीच्या मागं राहायची. तिची आई बाळंतिणींचं अंग रगडायला जायची आणि आक्का घरी दिवसभर बिड्या वळायची. आई गेल्यावर लोक आक्काला बोलवायला लागले, कारण हात आईचा होता. पण पहिल्याच घरातल्या म्हातारीनं तिचा हात नाकाजवळ नेला आणि म्हणाली, तंबाखूचा वास येतोय, बाळाला लावू नकोस. बिडी वळणाऱ्या बाईच्या हाताचा वास साबणानं जात नाही, तो कातडीत बसतो. आक्कानं घरी येऊन सूप, कात्री, भिजवलेली पानं सगळं शेजारणीला देऊन टाकलं. वास जायला तीन महिने लागले असं ती सांगायची. तेवढे दिवस दुसऱ्यांच्या रानात भांगलायला गेली. नवरा लवकर गेलेला, पोटी मूल नाही. बिडी सोडल्यावर तिच्याजवळ हे एकच काम राहिलं, आणि ते तिनं तीस वर्षं केलं.

माझ्या लेकीच्या वेळी मी बाळंतपणाला निपाणीत होते. सव्वा महिना आक्का रोज सकाळी यायची. पाय लांब करून बसायची, लेकीला पायांवर पालथी घालायची आणि कोमट तेल तळहातावर घेऊन कंबरेपासून मानेपर्यंत असा हात न्यायची की रडणारं पोर मध्येच गप्प होऊन विचार करायला लागायचं. त्या दिवसांत मलाच सारखं रडू यायचं. कशामुळं ते कळत नव्हतं. आईनं दोनदा दृष्ट काढली, सासूबाईंनी निरोप पाठवला की मन खंबीर ठेव. आक्कानं काही विचारलं नाही. पाठ रगडत रगडत म्हणाली, "रड गं पोटभर. माझ्याजवळ कोन बघतंय?" त्या खोलीत मी जेवढं रडले तेवढं आयुष्यात कुणासमोर रडले नाही. ते उपकार मी विसरले नाही. विसरले असते तर तिचं बरं झालं असतं.

पुढं निपाणीतही फ्लॅट झाले. बाथरूम एवढंसं, बाळंतिणीला बसवून पाणी घालायला जागा नाही, शेगडी पेटवली की धूर सगळ्या जिन्यात. मग आक्कानं बाजारामागं एक खोली भाड्यानं घेतली, पुढं पडवी, मागं मोरी आणि तांब्याचा बंब. दहा दिवस झाले की सुना कानात कापूस घालून, डोक्याला स्कार्फ गुंडाळून, बाळाला दुपट्यात घेऊन रिक्षानं तिच्याकडं यायला लागल्या. बाळंतिणीनं बाहेर पडू नये म्हणणाऱ्या म्हाताऱ्यासुद्धा म्हणायच्या, आक्काकडं जाणं म्हणजे काय बाहेर जाणं नव्हे. पाटी नाही, नाव नाही, सगळ्या गावाला ठाऊक.

गेल्या वर्षी हायवेवरच्या एका दुकानावर धाड पडली. माझं गिऱ्हाईक नव्हतं ते, हे मी तेव्हा दहा जणांना अभिमानानं सांगितलं. त्यानंतर मालिश करणाऱ्या झाडून सगळ्या जागांची यादी झाली आणि आक्काला नोटीस आली. ती नोटीस तेलकट पिशवीत घालून आक्का बस धरून बेळगावला माझ्याकडं आली. लेक तेव्हा पुण्याला होती, तिला नुकतेच दिवस गेले होते. आक्कानं आल्या आल्या तिची चौकशी केली, मग पिशवीतून कागद काढला.

"ह्यात काय लिवलंय बघ गं."

मी वाचून सांगितलं. लायसन्स दाखवा, नाहीतर बंद करा.

"बंद करू व्हय? मग पयल्यागत घरोघरी जातो की. गुडघं दुखत्यात, पर जातो. तुझ्या लेकीच्या बाळाला तर मी बेळगावलाच येऊन ऱ्हातो म्हयनाभर."

आमचे हे आतून पेपर वाचत वाचत म्हणाले, "अगं, जाऊ दे तिला घरोघरी. नाहीतर अर्जीत ब्युटी पार्लर लिही. बाकीचे एजंट तेच लिहितात ना?"

दोन्ही गोष्टी शहाणपणाच्या होत्या. मी त्यांना म्हटलं, तुम्ही तुमचा पेपर वाचा. आणि आक्काला म्हटलं, तुझं लायसन्स मी काढून देते, मालिशचंच काढते, राजरोस. ही आक्कावरची माया होती असं मला तेव्हा वाटलं. खोटं का बोलू आता? माझ्या कपाटात एवढ्या फाईली होत्या आणि त्यातली एक अशी नव्हती की जिच्याकडं बोट करून नणंदेला सांगावं, बघा, मी हेही काम करते. मला ती एक फाईल पाहिजे होती. आक्काला नको होती, मला पाहिजे होती.

झालं, सुरू केलं. सर्टिफिकेट लागतं म्हणून आक्काला बेळगावात शिकायला घातलं. शिकवणारी मुलगी आक्काला नात शोभेल एवढी. प्लास्टिकच्या बाहुलीवर शिकवायची. तिसऱ्या दिवशी त्या मुलीनं दार लावून घेतलं आणि आक्काला म्हणाली, माझी मान आठ दिवस वळत नाहीये, बघता का? आक्कानं बघितली. सर्टिफिकेट मिळालं, त्यावरचा फोटो बघून आक्का लाजली. "लगीन ठरवायला काढल्यागत दिसतोय," म्हणाली. मी हसले. त्या दिवशी आम्ही दोघी बसस्टँडवर उसाचा रस प्यायलो, आणि मला वाटलं, आपण काहीतरी चांगलं करतोय.

मग दाराची कडी काढायची वेळ आली. "उघड्या अंगाच्या बाया बसत्यात गं आत," आक्का म्हणाली. मी म्हटलं, नियम आहे, जाड पडदा लाव. तिनं दोन पडदे लावले, एकावर एक. कडी मात्र तिनं काढली ती काढलीच, विहिरीत टाकली म्हणे. डब्यात जपून ठेवायचं तिच्या डोक्यातसुद्धा आलं नाही. कॅमेरा लावला, पडवीच्या तोंडावर, बाहेर बघणारा. सुना आता स्कार्फ आणखी खाली ओढून यायला लागल्या. पाटी लावली, वर मोठं कानडी, खाली मराठी, मालिश सेंटर, फक्त महिला आणि बालके. मजकूर माझा. फक्त महिला ही अक्षरं मी मुद्दाम मोठी करून घेतली, आणि तेवढीच वाचून दोन दिवसांनी एक गाडीवाला पडवीत येऊन उभा राहिला आणि हिंदीत विचारायला लागला, किती वाजेपर्यंत चालू असतं? आक्कानं बंबातलं पाणी तांब्यात काढलेलं होतं, तेच फेकलं. पुढच्या आठवड्यात आणखी एक आला. मला फोनवर म्हणाली, "तीस वर्सांत माझ्या दारात बाप्या आला न्हवता गं. ही पाटी काढू का?" मी म्हटलं, काढायची नाही, तपासणी व्हायचीय.

आणि वही. वहीचं सांगायला मला जड जातंय. मी स्वतः जाडजूड वही घेतली, पट्टीनं रकाने आखले, नाव, पत्ता, फोन, आल्याची वेळ, गेल्याची वेळ. आक्काला म्हटलं, एक ओळ रिकामी सोडायची नाही, रोज लिहायचं, जसं असेल तसं खरं लिहायचं. आक्का मराठी तिसरीपर्यंत शिकलेली. तिनं माझा शब्द पाळला. दोन महिने एक दिवस चुकली नाही.

तपासणीला एक वयस्कर अधिकारी आले. माणूस वाईट नव्हता. दार बघितलं, पडदे हलवून बघितले, कॅमेरा बघितला, आक्काचं सर्टिफिकेट बघून मान हलवली. मी फुलून गेले होते. मग त्यांनी वही उघडली, आणि त्यांना मराठी वाचता येत नव्हतं म्हणून माझ्याकडं सरकवली. वाचून सांगा म्हणाले.

मी वाचायला लागले. नावाच्या रकान्यात लिहिलं होतं, वखारवाल्यांची थोरली सून. खालच्या ओळीत, बाळ. मग, मेडिकलवाल्यांची धाकटी. बाळ, बाळ, जुळं. मास्तरांची लेक, पयली खेप. बाळ. पत्त्याच्या रकान्यात, शाळेमागं, नळाजवळचं घर. फोनच्या रकान्यात, नवऱ्याजवळ हाय. वेळ, उन्हं पडवीत आल्यावर. दोन महिन्यांच्या वहीत एकाही बाईचं नाव नव्हतं. लिहिणार कसं? परक्या घरची सून, तिला तिच्या नावानं आमच्याकडं कोण हाक मारतं? तीस वर्षं आक्कानं त्यांना घरावरूनच ओळखलं. आणि बाळांना नावं नव्हतीच. आत्या पुण्याहून आल्याशिवाय बारसं होत नाही, तोवर ते बाळच. जसं असेल तसं लिही म्हणाले होते ना मी? तसंच होतं सगळं.

अधिकारी कानडीत म्हणाले, "मॅडम, ह्यात एक नाव नाही." मी त्यांना रीत समजावून सांगितली. त्यांनी ऐकून घेतली. मग म्हणाले, "गिऱ्हाइकांची नावं न लिहिणारी मसाजची जागा म्हणजे काय, हे मी तुम्हाला सांगायला पाहिजे? तुम्ही तर त्या सगळ्या दुकानांची कामं करता."

माझ्या अंगाचा भडका उडाला. एवढी वर्षं जे कुणी तोंडावर म्हटलं नव्हतं ते ह्यांनी म्हटलं, आणि तेही ह्या फाईलीवर, आक्काच्या फाईलीवर! हायवेवरच्या दुकानाची वही मी बघितलेली होती. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत एकाच पेननं, एकाच अक्षरात, नाव, बापाचं नाव, आडनाव, फोन, सगळं कसं मोत्यासारखं. एक नाव खरं नव्हतं. ती वही कुणी कधी दारोदार नेऊन तपासली नाही. मी ताठ उभी राहिले आणि म्हटलं, "नावं नसली तरी घरं खरी आहेत. एकेका दारात जाऊन विचारा. आत्ता जा!"

"विचारायला लावतो," ते म्हणाले आणि वही घेऊन गेले.

आक्का पडद्याजवळ उभी होती. आमचं सगळं बोलणं तिला कळत होतं. ते गेल्यावर म्हणाली, "दारात कोन जाईल गं? पोलीस?" मी म्हटलं, "जाऊ दे की! आपण काय चोरी केलीय?" ती उकळतं पाणी तसंच सोडून पडवीत जाऊन बसली.

चौथ्या दिवशी पोलीस गेला. गणवेशात, मोटारसायकलवर, वहीच्या पानांची झेरॉक्स घेऊन. त्याचंही काही चुकलं नाही, त्याला विचारायला सांगितलं होतं, त्यानं विचारलं. वखारवाल्यांच्या फाटकात उभा राहून, हमाल बसलेले, समोरच्या गच्चीवर बायका वाळवण घालतायत, आणि हा मोठ्यानं विचारतोय, तुमची थोरली सून मसाज सेंटरला जाते का? किती वाजता जाते? एकटी जाते का? सासऱ्यांनी सांगितलं, जाते, खरं आहे. मग आत जाऊन त्यांनी बायकोला काय ऐकवलं ते अर्ध्या गल्लीनं ऐकलं. तिथून तो मेडिकलवाल्यांकडं गेला, तिथून मास्तरांकडं. मास्तरांची लेक पहिल्या खेपेची, माहेरी आलेली, नेमका जावई त्या दिवशी घरात होता. तीन दिवस पोलीस फिरला. वहीतलं एकही घर त्यानं सोडलं नाही आणि एकही घर खोटं निघालं नाही.

वखारवालीण संध्याकाळी आक्काच्या दारात आली. हिच्या दोन्ही बाळंतपणात आक्कानंच हात लावलेला. ती ओरडली नाही, ओरडली असती तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाली, "आक्का, तू आमच्या सुनेला वहीत लिवलीस व्हय?" आणि गेली. आठ दिवसांत खोली ओस पडली. बंब पेटेना झाला. आक्का म्हणाली, घरोघरी जातो, पण घरोघरीही तिला कुणी बोलवेना, कारण आता ती आक्का राहिली नव्हती, सेंटरवाली झाली होती. तो शब्द मी पाटीवर लिहिला होता, स्वतःच्या हातानं.

लायसन्स मात्र आलं. बघा, आलं! सगळी घरं खरी निघाली, अहवाल स्वच्छ, शेरा चांगला. माझ्या सगळ्या कामात एवढी स्वच्छ फाईल दुसरी नाही. मी ते लायसन्स काचेत बसवून निपाणीला घेऊन गेले. खोलीला बाहेरून कुलूप होतं. मी आक्काच्या घरी गेले, रागानं गेले, तिच्यावरच्या रागानं, की बाई, धीर धरायला नको का जरा, लोक येतील परत. असलं काय काय मी वाटेत घोकत होते.

आक्का उंबऱ्याच्या आत बसली होती. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, हातात पान. मला बघितल्यावर तिनं वळायचं थांबवलं नाही. बोटं जरा अडखळत होती, तीस वर्षांनी.

मी काच भिंतीला टेकवून ठेवली. म्हटलं, "आक्का, हे कशाला धरलंस?"

"मग काय खाऊ? लायसन?"

मी म्हटलं, माझ्यावर राग काढ, शिव्या दे. ती म्हणाली, "राग कशाचा गं? तू लिव म्हनालीस, मी लिवलं. मलाबी शान वाटली की. माझी वही, माझी पाटी." आणि सुपातली तंबाखू सारखी करायला लागली. मी घराबाहेर येऊन गाडीत बसून रडले. माझ्याजवळ कुणी नव्हतं, पाठीवर हात नव्हता. बसल्या जागी हायवेवाल्याचा फोन आला. त्याचं लायसन्स नवं करायची वेळ झाली होती. मॅडम, आपल्या फाईलला कधी काही अडचण येत नाही, असं तो फार खुशीत म्हणाला. मी त्याचं काम केलं. नाही कसं म्हणणार होते, आणि कुठल्या तोंडानं?

पुढं लेक बाळंत झाली, बेळगावातच. नात झाली. लेकीला झोप नाही, दूध नाही, आणि कशावरनंही डोळ्यांत पाणी. मी ओळखलं. दवाखान्यातल्यांनी मालिशवालीचा नंबर दिला, ती मुलगी येऊन मोबाईलवर गाणं लावून पंधरा मिनिटांत हात फिरवून गेली. लेक म्हणाली, "आई, आक्का येणार होती ना गं?" तिला मी काहीच सांगितलं नव्हतं. विसाव्या दिवशी दोघींना गाडीत घालून मी निपाणीला नेलं. मनात होतं, पोर बघितल्यावर आक्काला राहवणार नाही.

आणि तिला राहवत नव्हतंच. सूप बाजूला सारून ती ताडकन उठली, परसात गेली, राखेनं हात घासले, मग लिंबानं, मग परत राखेनं. आम्ही दारात उभ्या. येताना हात नाकाजवळ धरूनच आली. एकदा हुंगलं, परत हुंगलं, आणि दोन्ही हात पदराखाली घेतले.

"न्हाय गं. वास हाय. ह्या हातानं बाळाला न्हाय लावायचं."

मी म्हटलं, आक्का, मला काही वास येत नाही. लाव तू. मी पाया पडते तुझ्या. तिनं मान हलवली. लेक माझ्या तोंडाकडं बघत होती, मग भिंतीकडं, काचेतल्या त्या कागदाकडं. त्यावर कानडीत आक्काचं नाव होतं, पूर्ण नाव. मी तीस वर्षांत ते पहिल्यांदा त्या अर्जीवरच लिहिलं होतं.

"तू बस," आक्का मला म्हणाली. "पाय लांब कर. पायावर घे तिला. मी सांगतो तसं कर."

मी बसले. नातीला पायांवर पालथं घातलं. लेकीनं तेल ओतलं. आक्का दोन हात लांब बसली, हात पदरात, आणि तोंडानं सांगायला लागली, कंबरेपास्नं सुरू कर, वर ने, मानंपाशी थांब. मी हात फिरवला. पोर किंचाळलं. परत फिरवला, आणखी किंचाळलं, लालबुंद झालं. आक्काचे खांदे पदराआड हलत होते, माझ्या हातासारखे खालून वर, खालून वर.

"हळू गं," ती म्हणाली. "मालिश हाय ती. शिक्का न्हवं मारायचा."

लेक रडायला लागली. मी हात हलका करून बघितला. जमला नाही.